कॉर्बेटची .२७५ रायफल : शिकारकथनातील मालकाच्या साक्षीची चिकित्सा

प्रास्ताविक

शिकारसाहित्याची समीक्षा करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः तीन गोष्टींकडे जाते. वन्य प्राण्यांचे चित्रण, अरण्याचे वर्णन आणि लेखकाची वसाहतवादी दृष्टी या त्या तीन गोष्टी होत. ज्या वस्तूवाचून शिकारकथा घडूच शकत नाही ती वस्तू, म्हणजे बंदूक, समीक्षेत बहुधा उपेक्षितच राहिली आहे. वास्तविक शिकारी लेखक आपल्या रायफलीविषयी आणि तिच्या काडतुसांविषयी भरभरून लिहितात. कोणती गोळी कोठवर शिरली, कोणते काडतूस ऐन वेळी फुसके निघाले, कोणती रायफल हाताला हलकी आणि कोणती खांद्याला जड, यांची नोंद ते एखाद्या शेतकऱ्याने बैलाच्या गुणदोषांची करावी तशी करतात. ही सर्व साक्ष मालकाची असते, आणि येथेच खरी अडचण आहे. ज्या वस्तूने आपला जीव वाचवला तिच्याविषयी मालक तटस्थ राहू शकत नाही. शिवाय ज्याची गोळी चुकली आणि ज्याचा जीव गेला त्याने ग्रंथ लिहिलेला नसतो. हाती येतात ते अनुभव केवळ वाचलेल्यांचे, आणि बहुतांशी यशस्वी झालेल्यांचे.

या साक्षीचे मोल कसे ठरवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) या लेखकाची निवड केली आहे. त्याची .२७५ रिग्बी ही भारताशी निगडित अशी कदाचित सर्वांत प्रसिद्ध बोल्ट-अॅक्शन शिकारी रायफल असावी. दुसरे कारण असे, की या रायफलीविषयी आज जे सांगितले जाते आणि कॉर्बेटच्या लेखनात प्रत्यक्ष जे आढळते, यांत मोठे अंतर पडले आहे.

रायफल आणि काडतूस

प्रथम त्या वस्तूचा परिचय करून घेणे आवश्यक आहे. अठराव्या शतकात डब्लिन येथे सुरू झालेली रिग्बी ही पेढी पुढे लंडनमध्ये स्थिरावली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील माउझर कंपनीची यंत्रणा वापरून शिकारी रायफली तयार करू लागली. माउझरची १८९८ ची यंत्रणा लष्करी उपयोगासाठी जन्माला आली होती. बोल्ट उचलून मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. तो पुढे ढकलला की पेटीतील पुढचे काडतूस एका मजबूत आकड्याच्या पकडीत नळीत शिरते आणि दांडा खाली वळवला की पुढील दोन खुंट्या नळीचे तोंड घट्ट बंद करतात. पेटीत पाच काडतुसे राहतात. जुन्या दुनळी रायफलीत दोन बार लागोपाठ काढता येत, पण तिसऱ्यासाठी बंदूक मोडून भरावी लागे. बोल्ट-अॅक्शनमध्ये पाच बार मिळतात, मात्र प्रत्येक बारानंतर हात चापावरून काढून बोल्टकडे न्यावा लागतो. हा फरक वरकरणी किरकोळ वाटतो. पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

काडतूसही मूळचे लष्करीच. १८९२–९३ च्या सुमारास आलेले ७×५७ मिलिमीटरचे माउझर काडतूस स्पेनच्या सैन्याने स्वीकारले आणि १८९९–१९०२ च्या युद्धात बोअर लोकांनी ते इंग्रजांविरुद्ध परिणामकारकपणे वापरले. सात मिलिमीटर म्हणजे इंचाच्या भाषेत सुमारे .२७५. रिग्बीने तेच काडतूस या इंग्रजी नावाने शिकाऱ्यांना विकले. कालपर्यंत ज्या गोळीने इंग्रज सैनिक मरत होते ती नवे नाव घेऊन इंग्रज अधिकाऱ्याच्या कपाटात आली. हलक्या भरणीतील गोळी १४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम नऊ ग्रॅमची असे. कॉर्बेटची दुसरी रायफल .४५०/४०० या जातीची दुनळी होती. तिची गोळी ४०० ग्रेनची, सुमारे सव्वीस ग्रॅमची. या दोन आकड्यांमधील तफावत लक्षात ठेवली म्हणजे कॉर्बेटच्या कथांतील पुष्कळसे ताण आपोआप उलगडतात.

चांदीच्या पट्टीविषयीचे मौन

ही रायफल कॉर्बेटला बक्षीस म्हणून मिळाली. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती दिली, आणि तसा मजकूर दस्त्यावर बसवलेल्या चांदीच्या पट्टीवर कोरलेला आहे. ४३६ माणसांचे बळी त्या वाघिणीच्या नावावर होते. साहजिकच रायफल आणि ही वाघीण यांची नावे जोडली गेली, आणि याच रायफलीने चंपावतची वाघीण मारली असा समज अनेकांच्या मनात घर करून बसला. तो साफ चुकीचा आहे. बक्षीस कामगिरीनंतर मिळते, हे साधे कालक्रमाचे भानही या समजुतीत सुटलेले दिसते.

त्याहून अर्थपूर्ण आहे ते मूळ कथेतील मौन. १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मुंबईहून प्रसिद्ध केलेल्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ या ग्रंथातील पहिली कथा चंपावतच्या वाघिणीचीच आहे. तिच्या शेवटी कॉर्बेट नैनितालच्या दरबाराचा उल्लेख करतो. चंपावतच्या तहसीलदाराला बंदूक मिळाली आणि मृत मुलीच्या शोधात कॉर्बेटसोबत आलेल्या माणसाला शिकारी सुरा मिळाला, असे तो आवर्जून सांगतो. दोन्ही शस्त्रांवर यथोचित अक्षरे कोरलेली होती, हेही सांगतो. स्वतःला मिळालेल्या रायफलीविषयी तेथे एक शब्दही नाही. याला केवळ विनय म्हणून सोडून देणे समीक्षकाला सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. तहसीलदाराला नवी बंदूक मिळाली याचा संबंध त्याच्या जुन्या बंदुकीशी आहे, आणि ती जुनी बंदूक या कथेतील एक महत्त्वाचे पात्र आहे.

तीन काडतुसे

चंपावतच्या हाक्याच्या वेळी कॉर्बेटकडे .५०० बोअरची रायफल होती आणि काडतुसे होती फक्त तीन. दोन वाघिणीसाठी, कारण दोनांपेक्षा अधिक संधी मिळणार नाही असा त्याचा हिशेब होता, आणि तिसरे अडीअडचणीसाठी. तिन्ही काडतुसे उडाली, दोन गोळ्या लागल्या, तरी वाघीण उभीच होती. कॉर्बेट धावत तहसीलदाराकडे गेला, त्याची छऱ्याची बंदूक घेतली आणि वाघिणीपासून वीस फुटांपर्यंत पोचला. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की बंदुकीची नळी आणि मागचा भाग यांत सुमारे तीन-अष्टमांश इंचाची फट आहे. तहसीलदाराने बार काढला तेव्हा ती फुटली नव्हती, म्हणजे आताही फुटणार नाही, हा त्याचा तर्क. पण मागे उसळणाऱ्या ज्वाळेने डोळे जाण्याची भीती होतीच. नेम धरला उघड्या जबड्यावर, गोळी लागली उजव्या पंजाला, तीही इतकी वरवर की पुढे ती त्याने नखांनी उपसून काढली. सुदैवाने वाघीण आधीच्याच गोळ्यांनी अखेरच्या घटका मोजत होती.

शस्त्राविषयीच्या मालकी अनुभवाचा हा नमुना कोणत्याही बंदूक विक्रेत्याने जाहिरातीसाठी वापरला नसता. एका प्रसंगात तीन अपयशे आहेत. काडतुसांचा अंदाज चुकला, जड गोळ्यांनी जनावर जागीच पडले नाही आणि उसनी बंदूक नादुरुस्त निघाली. कॉर्बेट ती तिन्ही अपयशे लपवीत नाही. त्याच्या साक्षीचा विश्वासार्हपणा येथे निर्माण होतो. शिकारकथेत नेम अचूक लागल्याचे सांगणे सोपे असते. तीनच काडतुसे घेऊन गेलो, हे सांगताना लेखक स्वतःच्या निर्णयाचा जाब वाचकापुढे ठेवत असतो.

या काटकसरीचे मूळ त्याच्या बालपणात आहे. ‘जंगल लोअर’ (१९५३) मध्ये त्याने आपल्या पहिल्या बंदुकीचे वर्णन केले आहे. ती ठासणीची दुनळी होती. जादा दारूमुळे तिची उजवी नळी फाटलेली, तुटलेला दस्ता पितळी तारेने आवळून बांधलेला आणि उपयोगात येणारी नळी डावी तेवढीच. पुढे स्वयंसेवक दलाच्या सार्जंट-मेजरने त्याला मार्टिनी रायफल दिली. काडतुसे हवी तितकी घ्यावीत, मात्र रायफल स्वच्छ ठेवावी आणि रिकाम्या पुंगळ्या परत आणून द्याव्यात, ही अट होती. पुंगळी परत करायची म्हणजे प्रत्येक बाराचा पुरावा परत करायचा. उडवलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब देणारी त्याची गद्यशैली या शिस्तीतून आली, असे म्हणण्यास जागा आहे.

चौगढ : एका हाताचा बार

.२७५ रायफलीच्या कीर्तीला ग्रंथांतर्गत मुख्य आधार आहे तो चौगढच्या वाघिणीच्या कथेचा. ११ एप्रिल १९३० रोजी कॉर्बेट एका कोरड्या नाल्यातून चालला असताना त्याला रातव्याची दोन अंडी सापडली. अंडी जमवण्याचा छंद असल्याने ती त्याने डाव्या हातात घेतली. उजव्या हातात हलकी .२७५ रायफल छातीशी तिरपी धरलेली. एका प्रचंड खडकाला वळसा घालून त्याने उजव्या खांद्यावरून मागे पाहिले तो समोर आठ फुटांवर वाघीण, झेपेच्या तयारीत. त्याने रायफल एकाच हाताने, अतिशय सावकाश, शरीराभोवती जवळजवळ तीन-चतुर्थांश वर्तुळात फिरवली आणि हात पूर्ण लांबवलेला असताना चाप ओढला. गोळीने वाघिणीचे हृदय आणि पाठीचा कणा दोन्ही भेदले.

या प्रसंगानंतर कॉर्बेट आपल्या यशाची कारणमीमांसा करतो. ती तीन घटकांची आहे: हातातील अंडी, हलकी रायफल आणि वाघीण नरभक्षक असणे. अंडी नसती तर दोन्ही हात रायफलीवर असते, तो झटक्यात वळला असता आणि त्या हालचालीसरशी झेप आली असती. रायफल जड असती तर एका हाताने उचलून लांबवताच आली नसती. आणि वाघीण साधी असती तर कोंडीत सापडताच तिने वाटेतल्या माणसाला तुडवून पळ काढला असता.

मालकाच्या साक्षीचे हे उदाहरण असामान्य आहे. रायफलीला श्रेय मिळते, पण तिच्या हलकेपणापुरतेच. गोळीच्या शक्तीचे, यंत्रणेच्या उत्कृष्टतेचे किंवा पेटीतील पाच काडतुसांचे नावही नाही. ते असणे शक्यही नव्हते, कारण अंडी धरलेल्या हाताने बोल्ट ओढता येत नाही. ज्या सोयीमुळे बोल्ट-अॅक्शन रायफल दुनळीपेक्षा श्रेष्ठ मानली जाते ती सोय या क्षणी शून्यवत होती. माउझरची ती नामांकित यंत्रणा त्या आठ फुटांच्या अंतरात एकबारी बंदूक होऊन गेली. रायफलीचा खरा गुण तिच्या मालकाने सांगितला तो असा, की ती आडवी आली नाही. तरीही ‘या रायफलीने चौगढची वाघीण मारली’ या वाक्यात पुढे तीच कर्ता झाली आणि रातव्याची अंडी गळून पडली.

याच कथेतील एक आधीचा प्रसंग कीर्तिवर्णनातून नेहमी वगळला जातो. वाघिणीसोबत तिचे जवळजवळ पूर्ण वाढलेले पिल्लू हिंडत असे. १९२९ मध्ये दोन्ही जनावरे एकत्र दिसली असता कॉर्बेटने जी वाघीण समजून गोळी घातली ते ते पिल्लू निघाले. या चुकीमुळे पुढील वर्षभरात अनेक माणसांना प्राण गमवावे लागले, अशी कबुली तो स्वतः देतो. येथे रायफल चुकली नव्हती आणि काडतूसही चुकले नव्हते. नेम जेथे धरला तेथेच गोळी लागली. अचूकता हा शस्त्राचा गुण आहे, ओळख हा माणसाचा. मालकांच्या अनुभवकथनात पहिल्याचा गौरव इतका होतो की दुसऱ्याचा विचार मागे पडतो, आणि चुकीची किंमत चौगढच्या परिसरातील गवत कापणाऱ्या स्त्रियांसारखी माणसे मोजतात.

जड रायफलीची बाजूही एकतर्फी नाही. १९३८ मध्ये ठाक येथील वाघिणीवर .४५०/४०० ने बार काढताना कॉर्बेट खडकाच्या अरुंद कडेला कसाबसा टेकलेला होता. रायफलीच्या धक्क्याने तो मागे, खाली बसलेल्या सोबत्यांच्या अंगावर जाऊन पडला. रुद्रप्रयागच्या बिबट्याच्या बाबतीत (१९२६) सारी मदार रायफलीवर बसवलेल्या विजेच्या दिव्यावर होती, आणि बार निघताच तो दिवाच विझून गेला. बिबट्या मेला की नाही हे कळण्यासाठी पहाटेची वाट पाहावी लागली.

बेलची साक्ष : तेच काडतूस, वेगळा निष्कर्ष

तुलनेसाठी याच काडतुसाचा दुसरा प्रसिद्ध मालक पाहता येईल. स्कॉटिश हत्तीशिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल (१८८०–१९५४) याने आफ्रिकेत १,०११ हत्ती मारले. त्यांपैकी फार मोठा भाग त्याने .२७५ रिग्बीने, १७३ ग्रेनच्या अखंड कवचाच्या गोळीने मारला. हत्तीसाठी याच्या तिप्पट वजनाची गोळी आवश्यक मानली जात असताना हा मालक लहान काडतुसाचा कैवारी झाला. .३१८ ची काडतुसे त्याला बेभरवशाची वाटली. ७ मिलिमीटरच्या काडतुसांवर त्याचा विश्वास बसला. ‘द वाँडरिंग्ज ऑफ अॅन एलिफंट हंटर’ (१९२३) पासून त्याचे मत शिकाऱ्यांच्या वादात प्रमाण म्हणून उद्धृत होत आले आहे.

परंतु बेलने मेलेल्या हत्तींच्या कवट्या करवतीने कापून मेंदूची जागा प्रत्येक कोनातून तपासली होती, हे उद्धृत करणारे बहुधा विसरतात. लहान गोळी त्याला पुरली, कारण ती कोठे जाणार हे त्याला ठाऊक होते. हे ज्ञान काडतुसाबरोबर विकत मिळत नाही. त्याची शिफारस वाचून तेच काडतूस घेऊन निघालेल्या, पण कवटी न कापलेल्या माणसाच्या हातून हत्ती जखमी होऊन निसटण्याचीच शक्यता अधिक. त्या हत्तीची नोंद मात्र कोणत्याही ग्रंथात नसते. बेलच्या गद्यात हजारावर हत्ती मरतात, पण ओझे कोठे जाणवत नाही. कॉर्बेटला झोपलेला नरभक्षक मारल्याचाही खेद होतो. एकाच काडतुसाच्या या दोन मालकांतील हा फरक स्वभावाचा आहेच, त्याबरोबर साक्षीच्या हेतूचाही आहे. बेल काडतुसाची बाजू मांडतो, कॉर्बेट घटनेचा जबाब देतो.

तुटलेले सुळे

आता पुन्हा चंपावतकडे वळणे भाग आहे, कारण या चिकित्सेतील सर्वांत गंभीर पुरावा तेथेच आहे. वाघीण मेल्यावर कॉर्बेटने तिचा जबडा पाहिला. उजव्या बाजूचे वरचे व खालचे दोन्ही सुळे तुटलेले होते, वरचा अर्धा आणि खालचा थेट हाडापर्यंत. ही इजा बंदुकीच्या गोळीने झालेली होती. त्यामुळे तिला नैसर्गिक सावज मारता येईना आणि ती माणसांकडे वळली, असे त्याचे निदान आहे. ग्रंथाच्या आरंभीच्या टिपणातही त्याने हेच तत्त्व मांडले आहे. वाघ नरभक्षक होतो तो बहुधा जखमेमुळे, आणि ती जखम साळिंदराच्या काट्यांची असते किंवा निष्काळजीपणे झाडलेल्या आणि पाठपुरावा न केलेल्या गोळीची.

म्हणजे ४३६ मृत्यूंच्या मुळाशीही एक बंदूक होती. तिलाही मालक होता. त्याने बार काढला, जनावर गेले, आणि तो घरी परतला. कदाचित त्यानेही मित्रमंडळींत आपला अनुभव सांगितला असेल, कदाचित थोडक्यात निसटलेला वाघ म्हणून. तो कोण होता, त्याच्या हाती कोणते शस्त्र होते, हे कोठेही नोंदलेले नाही. येथे शस्त्रमालकीचा सामाजिक संदर्भही विसरता येत नाही. १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याने हिंदी लोकांना परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी होती आणि युरोपीयांना त्यातून सूट होती. तो अज्ञात मालक गोरा होता की परवानाधारक हिंदी, हे सांगता येत नाही. ज्यांनी त्या गोळीचे परिणाम भोगले ती डोंगराळ भागातील माणसे मात्र बहुतांशी निःशस्त्र होती. बंदुकीचा अनुभव त्यांनाही होता. तो मालकाचा नव्हता, म्हणून अनुभव म्हणून नोंदला गेला नाही. कॉर्बेटच्या कथांचे वेगळेपण असे, की दारे लावून घरात कोंडून घेतलेली ही माणसे त्यांत येतात, बोलतात आणि त्यांची भीती रायफलीपेक्षा अधिक जागा घेते.

या दृष्टीने पाहता चांदीच्या पट्टीवरील रायफल ही एका गोळीने केलेली चूक दुसऱ्या गोळ्यांनी निस्तरल्याबद्दलचे बक्षीस ठरते. कॉर्बेटच्या मौनाचा अर्थ येथे अधिक स्पष्ट होतो. जबड्याची तपासणी त्याने सविस्तर सांगितली आणि स्वतःचे बक्षीस गाळले. हा क्रम जाणीवपूर्वक योजलेला होता की सहज आला, हे ठरवता येणार नाही. पण वाचकाच्या मनात शेवटी उरतात ते तुटलेले सुळे.

स्मृतिचिन्हाचा प्रवास

कॉर्बेटच्या मृत्यूनंतर ही रायफल त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे होती. २०१५ मध्ये ती पुन्हा रिग्बी पेढीकडे आली आणि २०१६ मध्ये भारतात, कुमाऊँच्या परिसरात दर्शनासाठी आणली गेली. लोकांनी ती कुतूहलाने आणि काहींनी भक्तिभावाने पाहिली. यात गैर काही नाही. ज्या माणसाने त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या गावांतील भय घालवले त्याच्या हातातील वस्तू होती ती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारी रायफलीच्या मालकाचा अनुभव हा विषयच मुळी इतिहासजमा झाला असल्याने तिला प्राप्त झालेले वस्तुसंग्रहालयीन पावित्र्यही समजण्यासारखे आहे.

समीक्षकाचा आक्षेप त्या पट्टीवरील मजकुराला आहे. त्यात देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, पद, गाव आणि साल आहे. चंपावतची कथा शेजारी उघडून ठेवली तर त्याच घटनेच्या साक्षीत उडून गेलेली तीन काडतुसे, फट असलेली उसनी बंदूक, नखांनी उपसलेली गोळी आणि वाघिणीच्या उजव्या जबड्यात कोणा अनामिक मालकाने वर्षांमागे सोडून दिलेला बार, इतके सारे सापडते.